यांगने तोफा थांबवल्या ते बरोबरच होतं! (लिजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज)

सांजवारा

गेल्या आठवड्यात 'लिजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज' या जपानी ॲनिमेशन (ॲनिमे) मालिकेचा ११० वा, म्हणजे शेवटचा भाग संपला. साडेतीन महिने रात्रीची जेवणं आवरली की मी आणि बाबा एक भाग बघायचो, शनिवारी दोन. बाबांनी त्याआधी ॲनिमे कधी बघितलं नव्हतं. आता सकाळच्या चहाला ते ओबरश्टाइन या त्यातल्या निष्ठुर सल्लागारावरून माझ्याशी वाद घालतात. डोक्यात जे घोळतंय ते इथे मांडतो. शेवटपर्यंतचं सगळं उघड करणार आहे, ज्यांना बघायचंय त्यांनी इथूनच मागे फिरा.

नवख्यांसाठी थोडक्यात. योशिकी तानाका यांची दहा खंडांची कादंबरी १९८२ ते १९८७ या काळात आली. तिच्यावरची ही मालिका १९८८ ते १९९७ अशी जवळपास दहा वर्षं निघत राहिली, तीही टीव्हीसाठी नव्हे, व्हिडिओ कॅसेटवर. दिग्दर्शक नोबोरु इशिगुरो. दीडशे वर्षं चाललेलं युद्ध आहे. एका बाजूला जर्मन थाटाचं साम्राज्य, दुसऱ्या बाजूला कुजत चाललेली लोकशाही. साम्राज्यातला राइनहार्ड दहा वर्षांचा असताना त्याच्या बहिणीला बादशहाने उचलून नेलं, म्हणून त्याला तो राजवंशच उलथवायचाय. लोकशाहीतल्या यांग वेन-लीला इतिहास शिकायचा होता. बाप मेला, बापाने जमवलेल्या जुन्या मौल्यवान वस्तू जवळजवळ सगळ्या नकली निघाल्या, पैसे उरले नाहीत. फुकट इतिहास शिकवतात म्हणून तो सैनिकी अकादमीत गेला आणि सेनापती होऊन बसला.

व्हर्मिलियनच्या लढाईत यांगच्या तोफा राइनहार्डच्या ब्रुनहिल्ड जहाजावर रोखलेल्या आहेत. एक हुकूम आणि युद्ध संपलं. त्याच वेळी तिकडे लोकशाहीची राजधानी हायनेसेन राइनहार्डच्या मिटरमायर आणि रॉयेन्टाल या सेनापतींनी वेढली आहे आणि भेदरलेलं सरकार फर्मान पाठवतं: ताबडतोब लढाई थांबवा. यांगचा अधिकारी शेनकॉप शेजारी उभा राहून सांगतो की हुकूम झुगारा आणि गोळी घाला. यांग ऐकत नाही. तोफा थांबतात.

त्या रात्री बाबा खुर्चीतून उठले, दिवा लावला आणि म्हणाले, "मूर्ख आहे का हा?" मला मात्र वाटतं, सगळी मालिका त्या एका क्षणासाठी लिहिली आहे. जो सेनापती सरकार चुकीचं आहे म्हणून हुकूम मोडतो, तो उद्या सरकार बरोबर असतानाही मोडेल. यांगला हे पुस्तकातून माहीत होतं. ज्या रुडॉल्फने पाचशे वर्षांपूर्वी साम्राज्य उभं केलं, त्यालाही लोकांनीच डोक्यावर घेतलं होतं. यांगने तोफ डागली असती तर दुसरा रुडॉल्फ तोच झाला असता.

कातळशिल्प

पूर्ण असहमत. तुमच्या बाबांशी सहमत.

हे फर्मान कोणाचं होतं? सरकारचा प्रमुख ट्रुनिख्टचं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना मरायला पाठवलं आणि वेळ आली तेव्हा सहकाऱ्यांना गुंडाळून देश विकला. त्याच्या सहीला संविधान मानायचं? यांगच्या मागे त्या दिवशी जे लाखो सैनिक मेले ते ट्रुनिख्टची खुर्ची वाचवायला मेले नव्हते. सेनापती त्यांचंही देणं लागतो.

भीष्म आठवतो मला. तोही शब्दाला जागला, सिंहासनाला बांधील राहिला आणि भरसभेत गप्प बसला. आपण त्याला नमस्कार करतो, पण त्याच्या गप्प बसण्याचं कौतुक करत नाही. यांगचं मात्र तुम्ही कौतुक करताय.

सांजवारा

भीष्म हस्तिनापूरच्या सिंहासनाला बांधलेला होता. यांग कुठल्या खुर्चीला बांधलेला नाही. ॲस्टार्टेच्या लढाईनंतरच्या स्मृतिसभेत ट्रुनिख्ट भाषण ठोकतो, सगळी सभा उठून उभी राहते, यांग एकटा बसून राहतो. शेजारचा डोळे वटारतो तरी उठत नाही. गप्प बसणारा माणूस तो नाही.

५४ वा भाग परत बघा. लढाई थांबल्यावर राइनहार्ड त्याला जहाजावर बोलावतो आणि विचारतो की लोकांनी स्वतःच्या मर्जीने स्वतःच्याच संस्था मोडीत काढायच्या, यालाच लोकशाही म्हणतात ना? यांग म्हणतो, आगीने घर जळतं म्हणून आग नको म्हणायचं का? मग पुढचं सांगतो: लोकांचं नुकसान करायचा हक्क फक्त लोकांना स्वतःलाच आहे. राइनहार्ड त्याला मार्शलपद देऊ करतो, त्यावर यांग म्हणतो की मी वेगळ्या पाण्यावर वाढलो, तुमचं पाणी मला बाधेल. एवढ्या नम्रपणे एवढं ठाम उत्तर मी दुसऱ्या कुठल्या युद्धकथेत ऐकलं नाही.

घाटमाथा

मी दोनदा सुरू करून दोनदा सोडली आहे. तुम्ही सगळे यांगच्या तत्त्वज्ञानावर बोलताय, पण तिथवर पोचणार कसं? पहिल्या दहा भागांत नावंच लक्षात राहत नाहीत. फॉन हे, फॉन ते. कोणीतरी टेबलाशी बसतो आणि निवेदक इतिहास सांगतो. अवकाशात लढाई आहे म्हणता, पण जहाजं पानिपतावर उभी केल्यासारखी समोरासमोर रांगेत. वर-खाली जागाच नाही का अवकाशात? आणि अंगाला अंग भिडून लढायची वेळ आली की कुऱ्हाडी!

दफ्तरदार

घाटमाथा, कुऱ्हाडींचं कारण मालिकेतच दिलंय. झेफल नावाचे कण हवेत सोडतात, त्यात बंदूक झाडली की सगळंच पेटतं. म्हणून कुऱ्हाडी. रांगेत उभ्या जहाजांबद्दल तुमचं खरं आहे, तिथे मीही बचाव करणार नाही.

पण तुम्ही पानिपताचं नाव काढलंत म्हणून लिहितोय. मी हिशेब खात्यातला माणूस, मला ही मालिका आवडली ती रसदीसाठी. निवडणुका तोंडावर आहेत म्हणून लोकशाहीचं मंत्रिमंडळ साम्राज्यावर स्वारी मंजूर करतं. तिघेच विरोधात मत देतात आणि त्यात ट्रुनिख्ट एक, कारण स्वारी बुडणार हे त्याने ताडलेलं असतं. तीन कोटी सैन्य निघतं. राइनहार्ड लढतच नाही. सीमेवरच्या ग्रहांवरचं सगळं धान्य उचलून मागे नेतो. मुक्तिदाते म्हणून आलेले सैनिक बघतात तर समोर कोट्यवधी उपाशी लोक. मुक्त करायला आलोय म्हटल्यावर खायला घालायलाच हवं. कोठारं आटतात, मागून येणारी रसद राइनहार्डचा मित्र किर्खआइस वाटेतच कापतो, आणि मग तेच सैनिक त्याच लोकांच्या हातातलं धान्य हिसकावून घ्यायला लागतात. लोक दगड उचलतात. अम्रित्झरला शेवटचा घाव बसायच्या आधीच ती लढाई हरलेली असते.

शाळेत आम्हाला पानिपत शिकवलं ते भाऊसाहेब, विश्वासराव, हत्ती, घोडे असं. बाजारबुणगे आणि यात्रेकरू मिळून लाखभर तोंडं सोबत होती, दिल्लीकडची वाट अब्दालीने तोडली होती आणि माणसं उपाशीपोटी १४ जानेवारीला बाहेर पडली, हे मोठेपणी वाचून कळलं. युद्धाचा हा भाग चित्रपटात कोणी दाखवत नाही, कारण पोत्यांची मोजदाद बघायला कोण बसतो? इथे दाखवलाय.

रातराणी

मला ही मालिका मनापासून आवडते, तीनदा बघितली आहे. म्हणूनच जे खुपतं ते इथे लिहिणार. सेनापती, मंत्री, फितूर, कवी, दारुडे, सगळे पुरुष. बायका मोजून पाच-सहा.

सांजवारांनी ज्या स्मृतिसभेचं लिहिलं, त्याच सभेत जेसिका एडवर्ड्स उठते. तिचा होणारा नवरा ॲस्टार्टेत मेलाय. ती सरळ ट्रुनिख्टपाशी जाऊन विचारते, माझा माणूस गेला, तुम्ही त्या वेळी कुठे होतात? तुमच्या घरचे कुठे आहेत? राष्ट्रगीत वाजवून तिचा आवाज दाबतात. पुढे ती निवडणूक लढवून प्रतिनिधी होते. यांगला जे समजतं पण जे तो करत नाही, ते ही बाई करते. आणि २१ व्या भागात सैनिकी बंडवाले तिला स्टेडियममध्ये मारून टाकतात. पुढच्या नव्वदेक भागांत तिच्या तोडीचं कोणी नाही. राइनहार्डची सल्लागार हिल्डा मुत्सद्दी आहे, व्हर्मिलियनला राइनहार्डचा जीव तिच्याच डोक्याने वाचतो, पण शेवटी तिचीही बादशहा झालेल्या राइनहार्डची बायको होते. राइनहार्डची बहीण ॲनेरोझ तर पहिल्यापासून शेवटपर्यंत खिडकीत बसलेली.

यांगने तोफा थांबवल्या ते बरोबर की चूक, यावर तुम्ही शंभर प्रतिसाद लिहाल. जेसिका जगली असती तर हा प्रश्न कदाचित यांगवर आलाच नसता.

कातळशिल्प

रातराणी, हे फार नेमकं लिहिलंत. लोकशाही वाचवायची ती संसदेतून, जहाजावरून नव्हे. आणि संसदेतली एकमेव लढणारी बाई लेखकाने मारली.

माझा मोठा आक्षेप तिथूनच निघतो. साम्राज्याच्या बाजूला बघा: राइनहार्ड देखणा, न्यायी, शूर. मिटरमायर सज्जन. रॉयेन्टाल पडला तरी कसा पडतो! छातीवर जखम घेऊन खुर्चीत बसून राहतो, समोर व्हिस्कीचे दोन पेले भरून ठेवलेले. मित्र येईपर्यंत मरायचं नाही म्हणून. मिटरमायर पोचतो तेव्हा पेले तसेच, माणूस गेलेला. मीही रडलो. दुसऱ्या बाजूला ट्रुनिख्ट. आता सांगा, अठरा-वीस वर्षांचं पोरगं ही मालिका बघून उठेल तर कोणाचं चित्र भिंतीवर लावेल? तोंडाने लोकशाहीचं गुणगान आणि कॅमेरा मात्र सदैव हुकूमशहाच्या सोनेरी केसांवर.

सांजवारा

वेस्टरलांड विसरलात? तिथले वीस लाख लोक अणुबॉम्बने मारले जातात. बॉम्ब टाकतो सरदार ब्राउनश्वाइग, पण थांबवणं राइनहार्डच्या हातात असतं. ओबरश्टाइन म्हणतो, होऊ दे, चित्रण करू, सरदारांची बदनामी होईल, युद्ध लवकर संपेल. आणि ते होतं. किर्खआइस, लहानपणापासूनचा एकमेव मित्र, जाब विचारतो. राइनहार्ड चिडून त्याचा शस्त्र बाळगायचा खास हक्क काढून घेतो. थोड्याच दिवसांत दरबारात मारेकरी येतो तेव्हा किर्खआइसच्या कमरेला बंदूक नसते. तो रिकाम्या हाताने मध्ये पडतो. हा फक्त २६ वा भाग आहे. पुढचे ८४ भाग राइनहार्ड गळ्यातल्या लॉकेटमध्ये त्याच्या केसांची बट घेऊन फिरतो. एका माणसाच्या मर्जीवर चाललेलं राज्य कितीही सुंदर असलं तरी त्या माणसाच्या एका वाईट संध्याकाळची किंमत कोण मोजतं, हे मालिकेने यापेक्षा स्पष्ट कसं सांगावं?

पुनवचांद

राजकारणात पडत नाही, दोन गोष्टी सांगते. टोकुमा कंपनीकडे पूर्व जर्मनीतल्या रेकॉर्डिंगचे हक्क होते, म्हणून लढायांना माहलर, ब्रुकनर, ड्वोर्जाक मिळाले. १९८८ च्या पहिल्या चित्रपटात तर अख्खी लढाई राव्हेलच्या बोलेरोवर बसवली आहे. ढोल एकसारखा, सूर चढत जातो, जहाजं फुटत जातात, संवाद जवळजवळ नाहीत. घाटमाथा, दोनदा कंटाळलात ना, मग आधी तो चित्रपट बघा. तासाभराचा आहे.

दुसरी गोष्ट यांगच्या आवाजाची. केई तोमियामा. दमलेला, थोडा खालचा, चहात ब्रँडी जास्त ओत म्हणून लाडीगोडी लावणारा आवाज. ८२ व्या भागात यांग मरतो आणि त्यानंतर थोड्याच काळात, १९९५ मध्ये, तोमियामाही गेले. २०१८ ची नवी आवृत्ती चित्रांना जास्त गुळगुळीत आहे, पण मला तो आवाज हवा असतो.

दफ्तरदार

ओबरश्टाइनचा विषय निघालाच आहे तर त्याच्या कुत्र्याचंही लिहितो. म्हातारं डाल्मेशियन, रस्त्यावर मागे लागलं म्हणून घरी आणलेलं. कोंबडीचं मऊ मांसच खातं, म्हणून साम्राज्याचा हा सर्वांत निष्ठुर माणूस रात्री स्वतः कसायाकडे जातो. मरताना तो स्वतःबद्दल काही बोलत नाही, पण कुत्रा फार दिवस काढणार नाही, त्याला हवं ते खायला घाला, एवढं सांगून ठेवतो. वेस्टरलांडची माफी मी त्याला देत नाही, कुत्रा असला तरी. पण त्याला नुसता खलनायकही म्हणता येत नाही.

कातळशिल्प

सांजवारा, ८२ व्या भागाकडे येऊ. व्हर्मिलियनला सोडलेल्या त्याच राइनहार्डशी बोलणी करायला यांग निघतो. वाटेत जहाजावर मारेकरी चढतात. पायाला गोळी लागते आणि लोकशाहीचा सर्वांत मोठा सेनापती एका रिकाम्या बोळात भिंतीला टेकून रक्त जाऊन मरतो. सोबत कोणी नाही. त्या दिवशी तोफ डागली असती तर?

सांजवारा

तर युलियनकडे उरलं काय असतं? यांग गेल्यावर अजून २८ भाग आहेत आणि मला तेच जास्त जवळचे वाटतात. यांगने वाढवलेलं हे पोरगं मूठभर माणसं घेऊन लढतं, ब्रुनहिल्डवर चढतं, शेनकॉप तिथल्या जिन्यावर मरतो, आणि युलियन रक्ताने माखलेला बादशहासमोर उभा राहून मागतो काय, तर हायनेसेनला स्वराज्य आणि साम्राज्याला संविधान. गादी मागत नाही. हे मागणं त्याला सुचलं, कारण ज्याने त्याला वाढवलं त्याने व्हर्मिलियनला हात आवरला होता.

कातळशिल्प

स्वराज्य मिळालं, मान्य. एका ग्रहाचं. तेही मरणाऱ्या बादशहाने खूश होऊन दिलेलं. उद्या त्याच्या मुलाने काढून घेतलं तर?

रातराणी

तो मुलगा शेवटच्या भागात तान्हा आहे आणि राज्य हिल्डा चालवणार आहे. त्यामुळे प्रश्न तिला विचारा. दुर्दैवाने तिच्यावरचा १११ वा भाग कोणी काढला नाही.

घाटमाथा

बोलेरोवाला चित्रपट आत्ता संपवला. लढाई लागल्यावर कुत्रा भुंकायला लागला म्हणून आवाज कमी करावा लागला, आणि तरी मी जागचा हललो नाही. उद्या रात्री पहिल्या भागापासून. नावं वहीत लिहून ठेवणार आहे. रॉयेन्टालच्या पेल्यांचं तेवढं आधी कळायला नको होतं.