तालमीतून पसरणारा नायटा कसा रोखावा?

प्रश्न – एक पालक, शाहूपुरी

माझा मुलगा तालमीत मॅटवर सराव करतो. पावसाळा लागल्यापासून त्याच्या मानेवर आणि काखेत उठावदार कडांचे, मधे फिकट असे गोल चट्टे आले आहेत आणि त्याच्या जोडीच्या मुलांनाही तोच त्रास आहे. औषधाच्या दुकानातून आणलेल्या मलमाने खाज लगेच थांबली, पण चट्टे मात्र पसरतच गेले. सराव बंद करावा का?

उत्तर – त्वचारोगतज्ज्ञ, राजारामपुरी

वर्णनावरून हा नायटा वाटतो. तरीही चट्ट्याची कड खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यास खात्री होते. आपण आणलेल्या मलमाच्या वेष्टनावर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असे नाव आहे का, ते आधी पाहावे. ही स्टिरॉइडे खाज दाबतात, परंतु त्वचेची प्रतिकारशक्ती मंदावल्याने बुरशीला मोकळे रान मिळते आणि चट्ट्याचे रूप बदलून निदानही अवघड होते. असे मलम परस्पर लावू नये, याबाबत मी फार आग्रही आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन कुस्तीत अंगावरच्या नायट्यावर किमान ७२ तास उपचार झाल्याशिवाय मल्लाला मॅटवर सोडत नाहीत. आपल्या मुलाचे चट्टे पसरलेले असल्याने त्याला याहून अधिक काळ थांबावे लागेल. पू भरलेल्या पुळ्या असतील, तर तो वेगळा, जिवाणूंचा संसर्ग असू शकतो.

उत्तर – तालमीचे जुने मल्ल, मंगळवार पेठ

मातीत हळद, ताक, तेल आणि कापूर घालण्याची आपली रीत जपण्यासारखीच आहे, मात्र तिच्या भरवशावर आजारी पोराला आखाड्यात उतरवू नये. मॅट आधी साबणाच्या पाण्याने धुवावी, कारण घाम आणि मळ राहिला तर जंतुनाशकाचा जोर तिथेच संपतो. त्यानंतर जंतुनाशकाच्या बाटलीवर लिहिलेल्या वेळेइतकी ती ओली राहू द्यावी. लगेच पुसल्यास सारे श्रम वाया जातात. अनवाणी पायांनी शौचालयात जाऊन तसेच मॅटवर येणे वस्तादांनी कडकपणे बंद करावे.

उत्तर – एक गृहिणी, कसबा बावडा

आमच्याकडे पावसात लंगोट वाळत नसत आणि मुले तेच दमट लंगोट पुन्हा घालत. आता जास्तीचे जोड ठेवले आहेत, कपडे गरम पाण्यात धुतो आणि शिवणींवर उलट्या बाजूने इस्त्री फिरवतो. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवावा. घरात आणखी कोणाला खाज असेल, तर सर्वांचे उपचार एकाच वेळी करावेत, नाहीतर एक बरा होईपर्यंत दुसऱ्याला सुरू होते.

प्रश्नकर्ते

मलमावर क्लोबेटासोल लिहिले आहे. ते बंद करून उद्याच तज्ज्ञांना दाखवतो आणि जोडीच्या मुलांच्या घरीही आजच कळवतो.