महाप्रसादाची उसळ : वाटीचा हिशेब किलोत

सचिव, फ्लॅट 103 : सर्वांना नमस्कार. रविवारच्या महाप्रसादासाठी 120 पाने धरली असून माणशी एक वाटी काबुली चण्यांची उसळ वाढायचे ठरले आहे. रविवार पेठेतील दुकानदार मात्र यादी किलोत मागतो. एक वाटी शिजलेले चणे म्हणजे किती ग्रॅम, हे कोणी सांगू शकेल काय?

फ्लॅट 201 : वाटी साधारण 150 मिलिलिटरची असते, म्हणून 150 ग्रॅम धरावेत. एकूण 18 किलो.

फ्लॅट 304 : भाऊ, क्षमा करा, पण हा हिशेब पाण्याला लागू पडतो, चण्यांना नाही. शिजलेले काबुली चणे चाळणीत निथळून मापले, तर 240 मिलिलिटरच्या कपात सुमारे 164 ग्रॅमच बसतात, कारण दाणे मोठे आणि गोल असल्याने त्यांच्यामध्ये पोकळी राहते. त्या प्रमाणात 150 मिलिलिटरच्या वाटीत साधारण 102 ग्रॅम चणे मावतील आणि 120 वाट्यांचे मिळून सव्वाबारा किलो होतील. तोच कप शिजलेल्या अख्ख्या मसुरीने भरला तर सुमारे 198 ग्रॅम भरतो आणि राजम्याने भरला तर 177. खानापूरकडे माझ्या माहेरी शेर-पायलीने धान्य मापत, तेव्हा भाताची पायली आणि हरभऱ्याची पायली वजनाला सारखी उतरत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असे.

फ्लॅट 201 : मग सव्वाबारा किलो चणे आणावेत ना?

फ्लॅट 304 : मुळीच नाही. गेल्या वर्षी मी हीच चूक केली होती. शिजलेल्या चण्यांचा आकडा कच्च्यांच्या यादीत लिहिला आणि 12 किलोंचे 27 किलोंच्या वर चणे झाले. पुढे दोन दिवस साऱ्या इमारतीने उसळच खाल्ली, हे आपण विसरला नसाल. कच्चे चणे भिजून शिजल्यावर वजनाने सव्वादोन ते अडीचपट होतात, म्हणून सुमारे साडेपाच किलो पुरतील.

फ्लॅट 402 : काकू, हे निथळलेल्या चण्यांचे झाले. आपण तर कटासकट वाढणार आहोत.

फ्लॅट 304 : बरोबर आहे. कट दाण्यांमधल्या पोकळीत शिरतो, त्यामुळे भरलेली वाटी 150 ग्रॅमांपेक्षाही जड लागेल. परंतु डावाने वाढताना कट अधिक आणि दाणे कमी येतात, तेव्हा 102 ग्रॅम ही वरची मर्यादा समजावी. माझ्या मते 5 किलो पुरेत. मात्र आधी सोसायटीची वाटी खरोखर 150 मिलिलिटरची आहे का, ते पाहावे. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि ती पाण्याने काठोकाठ भरावी. जितके ग्रॅम दिसतील, तितके मिलिलिटर.

सचिव, फ्लॅट 103 : आताच मोजली. 130 भरली.

फ्लॅट 304 : म्हणजे वाटीत 89 ग्रॅम चणे, 120 वाट्यांचे पावणेअकरा किलोंच्या आत. कट धरून साडेचार किलो कच्चे चणे यादीत लिहावेत. भिजल्यावर ते दुपटीहून अधिक फुगतात, म्हणून शनिवारी रात्री मोठाच टोप काढावा.

सचिव, फ्लॅट 103 : साडेचार किलो लिहिले.