नवऱ्याचा बोटीवर अपघात: 'फुल अँड फायनल'च्या कागदावर सही करावी का?

डेकवाल्याची_बायको

नवरा ए.बी. (डेकवरचा अनुभवी खलाशी) आहे, 14 वर्षं बोटीवर. 10 आठवड्यांपूर्वी जहाज धक्क्याला लावताना मुरिंगचा (जहाज बांधायचा) रोप तुटला आणि सटकन उलटा आला. उजवं मनगट गेलं. दोन ऑपरेशनं झाली, तरी अंगठा आणि पहिलं बोट जुळत नाही. शर्टाची बटणं मी लावते, तेवढा वेळ तो भिंतीकडे बघत राहतो.

गेल्या आठवड्यात कंपनीच्या माणसाचा फोन आला. बोलायला साखर. "वहिनी, कोर्टकचेरीत वर्षं जातात. सही करून पाठवा, आठ दिवसांत पैसे खात्यात." कागद अडीच पानांचा. दुसऱ्या पानावर लिहिलंय की पैसे मिळाल्यावर तो किंवा त्याचे वारस मालक, मॅनेजर, एजंट, विमावाले, कोणावरही कसलाच दावा करणार नाहीत. शिवाय रक्कम नोकरीच्या करारातल्या अपंगत्वाच्या तक्त्यापेक्षा कमी. का, तर म्हणे "तो रोपच्या वाटेत उभा होता, रिपोर्टमध्ये आहे." तो रिपोर्ट लिहिला तेव्हा हा हॉस्पिटलात होता! त्यावर याची सही नाही.

मालक एका देशातला, झेंडा (म्हणजे जहाजाची नोंदणी) पनामाचा, अपघात तिसऱ्याच बंदरात. वकील कुठला धरायचा? नेटवर जिकडेतिकडे जोन्स ॲक्टच्या, म्हणजे जखमी खलाशांसाठीच्या अमेरिकन कायद्याच्या, जाहिराती दिसतात. तो लागतो का आम्हाला?

निवृत्त_चीफ_ऑफिसर

ताई, आधी पेन खाली ठेवा.

"वाटेत उभा होता" हे वाक्य मी इतक्या रिपोर्टांत वाचलंय की छापीलच येतं की काय असं वाटावं. फोक्सलवर (जहाजाच्या पुढच्या टोकाच्या डेकवर) विंच, बिट्स (रोप अडकवायचे खुंट) आणि ताणलेले रोप सोडून माणसाला उभं राहायला जागा उरते किती, हे लिहिणाऱ्याला विचारा. खरा प्रश्न रोप तुटला का, हा आहे. 1 जानेवारी 2024 पासून सोलासप्रमाणे (जहाजांच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार) मुरिंग रोपांची तपासणी आणि देखभाल करून त्याची नोंद ठेवावी लागते. ती नोंद मागा, लेखी मागा. त्याच्या कामाच्या तासांची शीटही मागा. 24 तासांत किमान 10 तास विश्रांती, 7 दिवसांत 77. शीट बरेचदा 'बसवलेली' असते (मी स्वतः बसवलेल्या पाहिल्यात, आता लपवून काय करू), म्हणून त्याने तुम्हाला त्या दिवसांत पाठवलेले मेसेज शोधा. "दोन तास झोपलो, परत स्टँडबाय" असा एक मेसेज शीटपेक्षा भारी पडतो.

सागरी_वकील

मी जहाजांवरच्या माणसांच्याच केसेस घेतो, तेव्हा माझा कल कुठे आहे ते समजून वाचा.

दोन हक्क वेगळे ठेवा. पहिला नोकरीच्या करारातला. त्यात चूक कोणाची हा मुद्दा येत नाही. मुद्दाम केलेलं गैरवर्तन असेल तर गोष्ट वेगळी, पण रोपाजवळ उभं राहणं हे गैरवर्तन नव्हे. दुसरा हक्क निष्काळजीपणाबद्दलच्या भरपाईचा. तिथे त्याची थोडी चूक निघाली तर रक्कम बऱ्याच देशांत त्या प्रमाणात कमी होते, पण दावा उडत नाही. तुमचा कागद पहिल्याचे अर्धेमुर्धे पैसे देऊन दुसरा विकत घेतोय.

गंमत बघा. पनामाने एमएलसी 2006 हा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार मान्य केलाय आणि त्याला पावतीचा एक नमुना जोडलेला आहे. त्यात लिहिलंय की ही रक्कम घेतल्याने निष्काळजीपणाबद्दल दावा करायचा हक्क जात नाही. म्हणजे तुमच्या कागदाच्या बरोबर उलट! नोकरीच्या कराराची रक्कम पूर्ण आणि विलंब न करता द्यायची, कमी घ्यायला दबाव आणायचा नाही, हेही त्यातच आहे. 18 जानेवारी 2017 पासून या रकमेच्या हमीचं सर्टिफिकेट जहाजावर दिसेल अशा जागी लावावं लागतं. त्यावर हमी देणाऱ्याचं, बहुधा पी अँड आय क्लबचं (जहाजमालकांच्या विमासंस्थेचं), नाव असतं. त्यांच्याकडे तुम्ही थेट मागणी करू शकता. पगार थांबलाय का तेही बघा. जहाजावरून उतरवल्यानंतरच्या पगाराला मुदत घालता येते, पण ती दुखापतीपासून 16 आठवड्यांहून कमी नसते.

जोन्स ॲक्टचं म्हणाल तर 1953 चा लॉरित्झेन विरुद्ध लार्सन निकाल आहे. डॅनिश खलाशी न्यूयॉर्कला डॅनिश जहाजावर चढला, हवानाला जखमी झाला, आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डेन्मार्कचा कायदा लागेल. जाहिरात बघून हुरळू नका. करारात कुठला कायदा आणि कुठलं कोर्ट लिहिलंय, ते पान आधी काढा. दावा करायची मुदतही त्यावरच ठरते.

धाकटी_बहीण

माझा भाऊ टाकीत उतरला तो परत आलाच नाही. तेराव्याच्या आत दोन वकील दारात हजर, एकाच्या हातात तयार वकीलपत्र. त्यात 'तडजोड करून रक्कम स्वीकारण्याचे अधिकार' अशी ओळ होती. आईने अंगठा उमटवलाच होता जवळजवळ. वहिनीने कागद ओढून घेतला.

वकिलाला दोनच गोष्टी विचारा. याआधी खलाशांकडून लढलास की क्लबकडून? आणि फी कशावर? फिलिपिन्समध्ये या दलालीला इतका ऊत आला की 2015 मध्ये कायदा करून फी मिळालेल्या रकमेच्या 10 टक्क्यांवर बांधली. युनियनचा मेंबर असेल तर आयटीएफच्या (वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) इन्स्पेक्टरला कळवा, त्याचे पैसे पडत नाहीत.

डेकवाल्याची_बायको

सगळ्यांचे आभार. तो पावतीचा नमुना छापून कंपनीच्या कागदाशेजारी ठेवला. नवऱ्याने दोन्ही वाचले आणि दहा आठवड्यांत पहिल्यांदा शिवी दिली. बरं वाटलं मला. मेसबाहेरच्या बोर्डवरच्या सर्टिफिकेटचा फोटो बोसनने (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने) पाठवलाय. न मागता तुटलेल्या रोपाच्या टोकाचाही पाठवला. आतले धागे पार भुरभुरीत झालेत.

परवा त्या गोड माणसाचा परत फोन आला. "जे असेल ते मेलवर लिहा भाऊ," म्हटलं. अजून मेल नाही.