गोल विणताना पट्ट्यांना पडणारी पायरी
ताई, टोपीच्या रंगीत पट्ट्यांना मागे पायरी पडते, म्हणजे पट्ट्याची दोन टोकं एका रेषेत जुळत नाहीत म्हणालात, त्यात तुमच्या हाताचा काहीच दोष नाही. गोल विणकाम चक्री जिन्यासारखं चढत जातं, त्यामुळे फेरीचा शेवटचा टाका पहिल्याहून एक ओळ वर येतो.

ही पायरी लपवता येते. समजा, पिवळ्यावर निळा पट्टा घ्यायचाय. निळी पहिली फेरी नेहमीसारखी विणा. दुसरी सुरू करताना पहिल्या निळ्या टाक्याखालच्या पिवळ्या टाक्याची उजवी बाजू उचलून डाव्या सुईवर घ्या आणि ती आणि पहिला निळा टाका मिळून एकच सुलट टाका विणा. धागा ओढू नका, तिथे खळगी दिसते. एकाच फेरीच्या पट्ट्यांना मात्र हे चालत नाही.

आणि पट्टे दोन-तीन फेऱ्यांचे असतील तर लोकर तोडूच नका, आतून वर न्या. टोकं खोचत बसावं लागत नाही!