पणजोबांचा फौजी फोटो, रेजिमेंट कुठली असेल?

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. आजीच्या वडिलांचा एक फोटो घरात आहे, स्टुडिओत उभं राहून काढलेला. डोक्याला पागोटं, अंगात खाकी, पायाला पट्ट्या गुंडाळलेल्या, छातीवर डाव्या बाजूला दोन गोल मेडल, दंडावर दोन फिती आणि उजव्या मनगटाच्या जरा वर उलट्या व्हीसारख्या बारीक खुणा, एकावर एक. खांद्यावर पितळेचं काहीतरी आहे, त्यात आकडा असावा, पहिले दोन एक-एक वाटतात, तिसरा पार पुसट. घरात सगळे म्हणतात ते पहिल्या महायुद्धात इराकमध्ये बसऱ्याला होते, तिथल्याच कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकले होते, मराठा रेजिमेंट होती. पण कागद एकही नाही. गाव पाटण तालुक्यातलं. चुलतभावाने एका ॲपमध्ये फोटो रंगीत केला तर पागोटं हिरवं आलं, त्यावरून एकजण म्हणाला मग ही हिरव्या पोशाखाची रायफल्स पलटणच. आजी आता नव्वदीत आहे, तिला तिच्या वडिलांची पलटण नक्की सांगता आली तर फार बरं वाटेल. कुठून सुरुवात करू?

पितळी_बटण:
तो रंगीत फोटो आधी बाजूला ठेवा. त्या काळच्या बऱ्याच प्लेटा लाल रंग जवळजवळ काळा दाखवायच्या आणि निळा एकदम फिका, त्यामुळे काळ्यापांढऱ्या फोटोवरून पागोट्याचा रंग माणसालाही सांगता येत नाही, ॲप तर नुसता अंदाज भरतं. पागोट्यावरून, मिशीवरून रेजिमेंट ठरवू नका. आधी फोटो कधीचा ते ठरवा, मग अर्धी यादी आपोआप गळते.

तुमच्या फोटोत त्यासाठी भरपूर आहे. दंडावर दोन फिती म्हणजे नाईक. उजव्या मनगटावरच्या उलट्या व्ही म्हणजे परदेशातल्या युद्धसेवेच्या खुणा, त्या १९१८ पासून लावायला लागले. (जखमेची पट्टी वेगळी, ती डाव्या हाताला उभी असते, १९१६ पासूनची.) म्हणजे फोटो १९१८ च्या आधीचा नाही. आणि खांद्यावर खरंच तीन आकडी नंबर असेल तर फार पुढचाही नाही, कारण १९२२ ला सगळ्या पलटणींची नावं बदलली. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ या सहा मराठा पलटणी एकत्र करून ५वी मराठा लाइट इन्फंट्री केली, आणि ते जुने आकडे गेले.

आता 'एक-एक-काहीतरी' म्हणजे ११०, ११४, ११६ किंवा ११७. पण १११ महार पण असू शकते हां, ती १९१७ ला उभी केली आणि १९२१ ला मोडली, ही शक्यता लोक विसरतात. ११२, ११३ सुद्धा होत्या, त्या मराठा पलटणी नव्हत्या. आणि मराठा पलटणीत सगळे मराठाच होते असंही नाही, दख्खनी मुसलमानही होते, त्यामुळे उलट बाजूने आडनावावरून पलटण काढायला जाऊ नका.

स्कॅनवाली:
तो तिसरा आकडा निघू शकतो असं मला वाटतं. फोटो फ्रेममधून काढा, पण काचेला चिकटला असेल तर ओढू नका, फोटो दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. स्कॅन १२०० डीपीआयवर करा आणि फक्त खांद्याचा भाग परत वेगळा २४०० वर. मोबाईलने काढणार असाल तर फ्लॅश बंद, आणि उजेड एका बाजूने अगदी तिरका पाडा, थोडा थोडा कोन बदलत. पितळेवरचा आकडा उठावाचा असतो त्यामुळे त्याच्या कडेला प्रकाशाची बारीक रेघ फोटोतही आलेली असते, समोरून उजेड पडला की ती चकाकीत हरवते. दोन्ही खांदे बघा, दुसरा अंधारात असला तरी. आणि प्लीज एआयने शार्प करू नका, तो शून्याचा सहा करेल आणि इतका छान करेल की तुम्ही त्यावर विश्वास ठेवाल.

कोयनाकाठ:
बाप रे, एवढं सगळं त्यात दिसतंय हे माहीतच नव्हतं. स्कॅन करून घेते. पण कुतच्या वेढ्याचं काय? ते घरात अगदी ठाम सांगतात.

पितळी_बटण:
ते मेडलवरून तपासता येतं. कुतमध्ये १०३, ११० आणि ११७ अडकल्या होत्या, वेढा डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. आता जो माणूस १९१५ संपायच्या आत रणभूमीवर पोचला त्याला ताऱ्याच्या आकाराचं ब्राँझचं मेडल मिळायचं, १९१४-१५ स्टार. कुतमध्ये कोंडला गेलेला माणूस त्यात बसतोच. तुमच्या पणजोबांच्या छातीवर दोन्ही गोल आहेत म्हणता, तर ते बहुधा ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल. तारा नाही म्हणजे ते १९१६ मध्ये किंवा त्यानंतर गेले असण्याची शक्यता जास्त. फोटो काढला तेव्हा तारा मिळाला नव्हता असंही होऊ शकतं, म्हणून हा शेवटचा शब्द नाही. पण ११४ आणि ११६ कुत पडल्यानंतरही मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढत होत्या, ११४ तर ऑक्टोबर १९१८ ला शर्कातच्या लढाईत होती. घरातलं 'बसरा' खरं असेल आणि 'कुत' नंतर चिकटलं असेल. बसऱ्याला तर सगळेच उतरायचे.

माजी_हवालदार:
ताई, मेडल घरात कुठे आहेत का ते आधी शोधा. देव्हाऱ्यात, दागिन्यांच्या डब्यात, चुलत घराण्यात, सगळीकडे विचारा. वॉर मेडल चांदीचं असायचं म्हणून कित्येक घरांत ते सोनाराकडे गेलं, पण व्हिक्टरी मेडल पितळेसारखं दिसतं त्यामुळे ते बऱ्याचदा राहतं. त्याच्या कडेवर, म्हणजे नाण्याची कड असते तिथे, बारीक इंग्रजी अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ब्रासो लावून घासू नका, अक्षरं झिजतात. भिंग घ्या आणि मेडल हळूहळू फिरवत वाचा. ते एक मिळालं तर फोटोवर डोकं लावायची गरजच नाही.

मेडल नसेल तर पेन्शनचा कागद, डिस्चार्ज सर्टिफिकेट. तेही नसेल तर बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका. त्यात नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, जुना जिल्हा लिहा, नावाची स्पेलिंग दोन-तीन प्रकारे द्या कारण साहेबाने ऐकू आलं तसं लिहिलंय. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारून बघा, पत्र कसं लिहायचं ते तरी सांगतील.

पलटण लिहिताना जुना आकडा आणि नवा दोन्ही लिहा. ११० म्हणजे तिसरी बटालियन, जी पुढे २ पॅरा (छत्रीधारी पलटण) झाली. ११६ म्हणजे चौथी, ११७ म्हणजे पाचवी. ११४ म्हणजे दहावी, ती ट्रेनिंगची झाली आणि तिच्यातूनच आजचं बेळगावचं सेंटर. नुसतं '११४' लिहिलं तर समोरचा गोंधळतो.

घाटावरचा:
अजून एक. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साईटवर फक्त युद्धात गेलेल्यांची नावं आहेत, त्यामुळे तुमचे पणजोबा परत आले असतील तर तिथे सापडणार नाहीत. तरीपण शोधा, त्यांच्यासाठी नाही, गावासाठी. कितीतरी नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका दिलेला असतो. तुमच्या आणि शेजारच्या गावांतले कोण कुठल्या पलटणीत होते ते काढा, भरती ओळखीपाळखीने व्हायची, एकाच वाडीतली पोरं एकाच पलटणीत जायची. आसपासचे चार-पाच जण ११६ चे निघाले तर तुमच्या त्या पुसट आकड्याकडे बघायची नजर बदलेल. सातारा जिल्ह्यात नावांची स्पेलिंग फार वाकडीतिकडी आहे, पाटणसुद्धा एका प्रकारे लिहिलेलं सापडणार नाही, तेव्हा पूर्ण नाव टाकण्यापेक्षा पलटण आणि 'सातारा' एवढंच टाकून यादी खाली वाचत जा. वेळ लागतो. स्कॅन झालं की खांद्याचा तुकडा इथे टाका, आम्ही पण बघतो.