सिनेमा मनात उतरतो कशानं, अन् मनातून उतरतो कशानं?

परवा टीव्हीवर एक सिनेमा लागला होता. नायिका गाणं म्हणत कापसाची हिरवी बोंडं तोडून टोपलीत टाकत होती. माझी आई 40 वर्षांपासून वेचणीला जाते. "कच्चं बोंड कोणी तोडते का?" एवढंच म्हणाली अन् उठून गेली. फुटलेल्या बोंडातून कापूस ओढताना वाळलेल्या टोकांनी बोटं सोलतात, ओटी भरत गेली की कंबर धरते; हे तिच्या अंगाला माहीत आहे. कामातले हात खोटे दिसले की माझाही सिनेमा तिथंच संपतो, मग नट कितीही मोठा असो. तुम्हाला सिनेमा कशानं धरून ठेवतो? आपापलं लिहा.
(आर्वीकडून)

'गाभ्रीचा पाऊस' (2009, दिग्दर्शक सतीश मनवर) मी बाबांसोबत पाहिला. त्यात नवरा जिवाचं काही बरंवाईट करील या धाकानं बायको पोराला त्याच्या मागं मागं धाडते. आमच्याकडे एका नापिकीच्या वर्षी आईनं फवारणीचं औषध शेजारच्या घरी नेऊन ठेवलं होतं. बाबांना ते माहीत होतं, हे मला त्या रात्री कळलं. सिनेमा संपल्यावर ते गोठ्यात गेले, ढोरांना कुटार टाकलं, परत आले अन् म्हणाले, "बाईचं बरोबर दाखवलं." आमच्या घरात त्या वर्षाबद्दल कोणी बोललं ते तेवढंच. असं बोलायला लावणारा सिनेमा चांगला, याहून मोठी कसोटी मला ठाऊक नाही.
(दारव्ह्याकडून)

मले एकच गोष्ट खटकते. सिनेमात वऱ्हाडी बोलणारा आला का समजावं, हसवासाठी आणला. मायी आजी याच भाषेत रडली, याच भाषेत तिनं पोरीची सोयरीक मोडली. 'झुंड' (2022) मले आवडला, काहून का त्यातली पोरं नागपूरच्या वस्तीतल्यासारखीच बोलतात.
(अकोटकडून)

आर्वीच्या ताईदादांशी मी पूर्ण सहमत नाही. आम्ही झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या, नाटकांवर वाढलो. धान निघालं की गावोगाव मंडप पडतात, नाटक रात्रभर चालतं. तिथला पडद्यावर रंगवलेला वाडा खोटा आहे हे पोराटोरांनाही कळतं, तरी बाया पदर डोळ्याला लावतात. कारण नट थांबतो. रडणं ओसरू देतो, मग पुढचं वाक्य बोलतो. सिनेमात मरण झालं की लगेच दुसरं दृश्य येतं. माझं दुःख अर्धवट राहतं, ते मला चालत नाही. बोंड कच्चं असलं तरी चालेल.
(वडसा देसाईगंजकडून)

मी हरभऱ्याच्या जागलीवर मोबाईलवर सिनेमे पाहतो. एक कान रानडुकरांकडे. सिनेमातली रात्र निळी असते अन् तिच्यात सारखं संगीत वाजत असतं. एकदाच असा सिनेमा लागला की ज्यात नुसते रातकिडे होते. मी मोबाईल बंद करून पाहिला, आवाज तसाच चालू होता.
(समुद्रपूरकडून)