विषय: नाताळची बालगृह फेरी – ओसीआयवाल्यांना परवानगी लागते का?

प्रेषक: युवा गट, समन्वयक

सलाम आणि नमस्कार मंडळी,

बेळगावकडच्या बालगृहात नाताळला जायचं ठरतंय. तिकिटं गुरुवारपर्यंत धरायची आहेत, तेव्हा आज-उद्यात उत्तर हवं. निम्मे जण ओसीआयवाले (मूळचे भारतीय, आता परदेशी नागरिक, भारताचं ओसीआय कार्ड असलेले), उरलेले ऑस्ट्रेलियन पासपोर्टवर ई-व्हिसा काढणार. पाळकसाहेबांच्या पत्रात 'मिशन टीम' छापलंय. फॉर्मवर उद्देश काय टाकायचा? आणि ओसीआय असल्यावर वेगळं काही लागत नाही ना? मागच्या वेळी कुणी विचारलंही नव्हतं. मुलांबरोबर रोज दोन तास: गाणी, हस्तकला आणि बायबलातल्या दावीद-गल्याथाच्या गोष्टीचा बाहुल्यांचा खेळ. बाहुल्यांची पेटी तयार आहे.

प्रेषक: निपाणीवाले

विचारलं नाही म्हणजे लागत नाही, असं नव्हे. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेपासून ओसीआयवाल्याला मिशनरी कामासाठी खास परवानगी घ्यावी लागते, एफआरआरओकडून (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं भारतातलं सरकारी कार्यालय) नाहीतर भारतीय वकिलातीकडून. पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण हेही त्याच यादीत.

ई-टुरिस्ट व्हिसावर अल्पकाळाचं स्वयंसेवी काम चालतं. मुदत जास्तीत जास्त एक महिना, आणि बदल्यात काहीही घ्यायचं नाही. नुसता पगार नाही एवढ्यावर भागत नाही. कसलाच मोबदला नको, असं कलम आहे. म्हणून बालगृहात फुकट राहणं-जेवणं टाळा. गावात लॉज घ्या. परदेशी पाहुणा उतरल्याची नोंद (पूर्वीचा सी-फॉर्म) लॉजवाला २४ तासांत सरकारला कळवतोही. संस्थेत राहिलात तर ते झेंगट संस्थेच्या गळ्यात, आणि नाताळच्या धांदलीत ते हमखास राहतं.

खरी गोम बाहुल्यांत आहे. देवळात, चर्चमध्ये जायला, उपासनेला बसायला कुणाला मनाई नाही. पण प्रवचन देणं, धर्मस्थळात भाषण करणं, धर्माची पत्रकं किंवा ध्वनिफिती-चित्रफिती वाटणं हे टुरिस्ट व्हिसावर बसत नाही. त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. दावीद-गल्याथ परदेशी माणसाने मुलांसमोर केला तर तो खेळ की सुवार्ता, म्हणजे धर्मप्रचार, हे तुम्ही नाही ठरवणार. गेटाशी उभा असलेला हवालदार ठरवेल.

प्रेषक: युवा गट, समन्वयक

दावीद तर सगळ्यांचाच आहे हो! मग खेळ संस्थेच्या लोकांनी केला आणि आम्ही फक्त बाहुल्या धरल्या तर?

प्रेषक: निपाणीवाले

बाहुल्या धरणारा तोच खेळ करणारा. ससा-कासव करा, विषय संपला. नाताळचा कार्यक्रम स्थानिक चर्चची संडे स्कूलची मुलं करतील, तुम्ही सतरंजीवर बसून टाळ्या वाजवा. पत्रातलं 'मिशन टीम' काढा आणि कामही तसंच ठेवा. कागदावर एक नि मैदानात दुसरं केलंत, तर तुम्ही विमानात बसून मोकळे. चौकशी बालगृहातल्या काकूंच्या दारात.

प्रेषक: काकू, खानापूर

माझं नाव आलंच आहे तर बोलते.

डिसेंबरात रोज दोन तास कुठून आणणार? सरकारी शाळांना नाताळची सुट्टी पंचविसाव्या तारखेपुरती. पोरं साडेचार-पाचला परततात, मग आंघोळ, खाणं, अभ्यास. दहावीवाल्यांची परीक्षा तोंडावर असते. तुमचे दोन तास म्हणजे त्यांचा अभ्यासाचा वेळ. यायचंच तर ऑक्टोबरात दसऱ्याच्या सुट्टीत या. तेव्हा पोरं दिवसभर मोकळी असतात आणि आपल्या भागातला पाऊसही ओसरलेला असतो. नाताळला तसेही सगळेच येतात. प्रत्येक जण केक आणतो, मग पोटं बिघडतात नि रात्री उठावं लागतं ते आमच्या मावशीला.

दुसरं, सहा-सात वर्षांखालच्यांना कडेवर घेणं, मांडीवर बसवणं नको. आठवड्यात लळा लागतो, तुम्ही निघालात की ती लेकरं जेवत नाहीत. लहानांचं काम रोजच्या मावशीकडेच राहू दे. तुम्ही मोठ्यांना इंग्रजी वाचन, खो-खो, सायकल दुरुस्ती शिकवा. अर्धी पोरं घरी मराठी नि शाळेत कन्नड बोलतात, तेव्हा सूचना दोन्हीत द्यायला एक माणूस धरा. आणि एकटा मोठा एकट्या पोराबरोबर बंद खोलीत कधीही नाही. दार उघडं, दुसरा मोठा नजरेच्या टप्प्यात.

जोगं घर मिळालं की पोरांना घरच बरं, हेही लक्षात असू द्या. कायदाही संस्थेला शेवटचा पर्याय म्हणतो. तिथल्या बऱ्याच पोरांना आई किंवा बाप आहे, त्यांना 'अनाथ' म्हणून हाक मारू नका.

प्रेषक: खजिनदार

आपल्या इथल्या मंडळाच्या नावाने वर्गणी गोळा करण्याबद्दल कार्यकारिणीत ठराव झालेला नाही. चर्चची सहल आहे, चर्चने बघावं. गणपतीच्या वेळी ढोलपथकाचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच.

पण पैशाचं सांगतो. ऑस्ट्रेलियन नागरिकाने दिलेली देणगी, मग तो ओसीआय का असेना, ती विदेशी देणगीच. संस्थेकडे एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जायला हवेत. निपाणीच्या शाखेत थेट टाकता येत नाहीत. एका संस्थेने घेऊन दुसरीला देणं त्याच दुरुस्तीने बंद झालं, तेव्हा 'ओळखीच्या ट्रस्टतर्फे' वगैरे सुचवू नका. भारतीय पासपोर्टवाले आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असतील, तर ते यात येत नाही.

प्रेषक: नर्सताई

ढोलपथकाचा हिशोब मीच दिला होता, तो विषय बंद.

आरोग्य शिबिर कार्यक्रमाच्या यादीत दिसलं. इथली, ऑस्ट्रेलियातली डॉक्टरकीची नोंदणी भारतात चालत नाही, तपासणी स्थानिक डॉक्टरच करणार. त्यांच्याकडून खरजेचा बंदोबस्त नीट करून घ्या, बालगृहात ती असतेच. परमेथ्रिन ५ टक्के मलम, मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यात आणि नखांखाली, रात्रभर ठेवून सकाळी धुवायचं. सगळ्या मुलांना आणि मावश्यांना एकाच रात्री, खाज नसली तरी. आठवड्याने पुन्हा. इथेच चुकतं: जो खाजवतो त्यालाच लावतात, मग शेजारच्या गादीवरून परत. त्याच दिवशी चादरी-कपडे गरम पाण्यात. जे धुता येत नाही ते तीन दिवस पिशवीत बांधून ठेवा. खाज नंतरही दोन-तीन आठवडे राहते, म्हणून औषध लागलं नाही असं समजून रोज चोपडू नये.

प्रेषक: काकू, खानापूर

गरम पाण्याचं बंबावर होईल, पण चादरींचा एकच जोड आहे. केकऐवजी चादरी घ्या, बेळगावातच घ्या. फोटोचं कुणीच बोललं नाही. बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने अशा मुलाचं नाव, शाळा, ओळख पटेल असं काहीही उघड करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाठमोरा फोटो टाकलात नि गणवेशावर शाळेचा बिल्ला दिसला, तरी ओळख पटलीच. मोबाईल गेटाशी टोपलीत.

प्रेषक: युवा गट, समन्वयक

ठीक. ऑक्टोबरचं पाळकसाहेबांशी बोलतो. मग गोव्याला उतरून चोर्ला घाटाने येऊ का? बेळगावच्या सांबरा विमानतळावर आंतरराष्ट्रीय विमान नाही.

प्रेषक: निपाणीवाले

चोर्ल्याने या, पण दिवसाउजेडी. आणि संस्थेकडून बाल न्याय कायद्याच्या ४१ व्या कलमाखालच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आधी मागवा. ती आली की मग तिकिटं.